पुसलेल्या खुणा : युद्धोत्तर जपानवरील विद्यार्थी-निबंध आणि ग्रंथालयीन साधने

१

पदव्युत्तर वर्गाला तौलनिक साहित्य शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला दरवर्षी एका विशिष्ट लेखनप्रकाराचे परीक्षण करावे लागते. वीस-पंचवीस पृष्ठांचा चर्चासत्र-निबंध, विषय एखादा कालखंड, आणि साधने विद्यापीठाच्या ग्रंथालयात जी मिळतील ती, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या लेखनाला गुण मिळतात, परंतु त्याची समीक्षा होत नाही. ते शिक्षणक्रमाचा एक भाग मानले जाते व वर्ष संपले की कपाटात जाते. वस्तुतः एखाद्या विद्याशाखेची इतिहासदृष्टी तिच्या नामवंत ग्रंथांत जितकी दिसते त्याहून अधिक स्पष्टपणे अशा निबंधांत दिसते. नामवंत अभ्यासक आपल्या पद्धतीतील उणिवा झाकण्याइतका तयार झालेला असतो. विद्यार्थी मात्र त्याला जे शिकविले तेच प्रामाणिकपणे करून दाखवितो. त्याच्या निबंधातील दोष हा पुष्कळदा शिकविणाऱ्याचा दोष असतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका निबंधाचा विचार करावयाचा आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्या मार्गदर्शनाखाली १९४५ ते १९५२ या काळातील जपानी समाज व साहित्य या विषयावर निबंध सादर केला. तिला जपानी भाषा येत नव्हती. साधने सर्वस्वी इंग्रजी व ग्रंथालयातील होती. मांडणी नेटकी, संदर्भ अचूक आणि भाषा संयत असल्यामुळे निबंधाला चांगले गुण मिळाले. आज तो पुन्हा वाचताना त्यात एक गंभीर उणीव जाणवते, आणि ती उणीव विद्यार्थिनीची नसून माझी आहे. तिचे विवरण करताना मला एक व्यापक मुद्दा मांडावयाचा आहे. युद्धोत्तर काळाचा अभ्यास करताना ग्रंथालय हे त्या काळाबाहेर उभे असलेले तटस्थ भांडार नसते. कोणत्या गोष्टी छापल्या गेल्या, कोणत्या गाळल्या गेल्या, कोणत्या जपल्या गेल्या आणि त्या कोणत्या फळीवर लावल्या गेल्या, हे सारे त्याच काळाने ठरविलेले असते. ग्रंथालयीन साधनांवर आधारलेल्या निबंधाने या निवडीची खूण आपल्या पृष्ठांवर राखली पाहिजे. ती पुसली गेली तर निबंध निर्दोष दिसतो आणि इतिहास चुकतो.

२

ड्यूई दशांश पद्धतीने लावलेल्या कोणत्याही भारतीय ग्रंथालयात युद्धोत्तर जपान किमान तीन ठिकाणी विखुरलेला असतो. जपानचा इतिहास ९५२ या अंकाखाली, जपानी साहित्य ८९५.६ खाली, तर दुसरे महायुद्ध ९४०.५३ व ९४०.५४ खाली येते. साहित्याचा विद्यार्थी साहजिकच ८९५.६ पासून आरंभ करतो. तेथे त्याला डोनाल्ड कीन यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला आधुनिक जपानी साहित्याचा विस्तृत इतिहास भेटतो. ९५२ खाली जॉन डॉवर यांचा १९९९ चा, अमेरिकी अंमलाखालील जपानवरील ग्रंथ असतो; पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जवळपास कोठेतरी रूथ बेनेडिक्ट यांचे १९४६ चे, जपानी संस्कृतीच्या घडणीवरील प्रसिद्ध पुस्तकही हमखास असते. आमच्या विद्यार्थिनीने हे तिन्ही ग्रंथ काळजीपूर्वक वाचले होते.

या तीन ग्रंथांची जात एक नाही, ही गोष्ट मात्र तिच्या निबंधात येत नाही. बेनेडिक्ट यांचे पुस्तक युद्धकाळात अमेरिकी सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयासाठी केलेल्या कामातून सिद्ध झाले आणि लेखिकेने त्यासाठी जपानला भेट दिलेली नव्हती. ते जपानविषयी जेवढे सांगते तेवढेच जेत्याला आपला शत्रू कसा समजून घ्यावासा वाटला याविषयीही सांगते. १९४८ साली त्याचा जपानी अनुवाद झाला व खुद्द जपानी वाचकांनी त्यात आपली प्रतिमा तपासली. म्हणजे हे पुस्तक युद्धोत्तर जपानविषयीचे साधन तर आहेच, शिवाय ते युद्धोत्तर जपानातील एक घटनाही आहे. विद्यार्थिनीने ते केवळ दुय्यम संदर्भ म्हणून वापरले, आणि मी त्याला हरकत घेतली नाही.

हीच गोष्ट कालखंडाच्या सीमांविषयी म्हणता येईल. निबंधाच्या शीर्षकातच १९४५ ते १९५२ ही वर्षे होती. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राटाचे नभोवाणीवरील भाषण झाले, २ सप्टेंबरला शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या, आणि ८ सप्टेंबर १९५१ रोजी झालेला सान फ्रान्सिस्को तह २८ एप्रिल १९५२ पासून अमलात येऊन लष्करी अंमल संपला. या हिशेबाने सीमा योग्य ठरतात. परंतु ओकिनावाचा ताबा अमेरिकेने १५ मे १९७२ रोजी सोडला. तेथे हा कालखंड वीस वर्षे अधिक चालला. उलट १९५६ च्या आर्थिक श्वेतपत्रिकेने युद्धोत्तर काळ आता संपला आहे अशी जी घोषणा केली, तिचे मोजमाप युद्धपूर्व उत्पादनाच्या पातळीशी निगडित होते. भारताचा हिशेब आणखी वेगळा आहे. सान फ्रान्सिस्को परिषदेत भारत सहभागी झाला नाही. त्याने जपानशी स्वतंत्र शांतता-करार केला तो ९ जून १९५२ रोजी. भारतीय विद्यापीठात बसून लिहिलेल्या निबंधाने आपल्या कालखंडाची सीमा म्हणून ज्या तहावर भारताची सहीच नाही तो तह निवडावा, आणि हे नोंदवूही नये, यात ग्रंथालयाच्या फळीचा वाटा आहे. फळीवरील बहुतेक पुस्तके अमेरिकेत लिहिली गेली होती. सीमा पुस्तकांबरोबर आल्या.

३

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १९४५ ते १९४९ या काळात जपानात जे काही छापले गेले ते दोस्तराष्ट्रांच्या सेनापतीच्या कार्यालयाने चालविलेल्या नागरी सेन्सॉर विभागाच्या हाताखालून गेले. १९ सप्टेंबर १९४५ रोजी वृत्तपत्रांसाठी दहा कलमी संहिता काढण्यात आली. आरंभी बहुतांश मजकूर छापण्यापूर्वी तपासला जाई. १९४७ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने प्रकाशनोत्तर तपासणी सुरू झाली आणि ऑक्टोबर १९४९ च्या शेवटी हा विभाग बंद झाला. तपासनिसांच्या वापरासाठी कोणता मजकूर गाळावा याची वर्गवारी ठरलेली होती. सेनापतींच्या कार्यालयावरील टीका, तोक्यो खटल्यावरील टीका, दोस्तराष्ट्रांवरील टीका यांबरोबरच काळा बाजार, उपासमारीचे भडक वर्णन, परकीय सैनिकांचे स्थानिक लोकांशी संबंध, हे विषयही त्यात होते. आणि सेन्सॉर अस्तित्वात आहे याचा उल्लेख करणेही निषिद्ध होते.

हे शेवटचे कलम साहित्याच्या अभ्यासकाने फार गंभीरपणे घ्यावयास हवे. जपानी वाचकाला सेन्सॉर नवा नव्हता. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात आक्षेपार्ह शब्दांच्या जागी फुल्या किंवा वर्तुळे छापण्याची प्रथा तेथे रूढ होती; तिला 'फुसेजी' म्हणत. वाचक त्या फुल्या मोजून गाळलेला शब्द ओळखीत असे. युद्ध तीव्र होत गेले तशा या खुणाही कमी होत गेल्या. शरणागतीनंतरच्या महिन्यांत शाळकरी मुलांनी स्वतःच्या पाठ्यपुस्तकांतील लष्करी मजकुरावर वर्गात बसून शाईचे पट्टे ओढले. हा पट्टाही एक खूणच होती. काहीतरी नाहीसे केले आहे हे मुलाला दिसत होते, किंबहुना त्याच्याच हातून ते झाले होते. अमेरिकी सेन्सॉरने मात्र खुणेलाच मनाई केली. गाळलेल्या ओळीची जागा रिकामी ठेवावयाची नाही, फुल्या द्यावयाच्या नाहीत, शाई दिसू द्यावयाची नाही. मजकूर पुन्हा जुळवून असा छापावयाचा की तो मुळात तसाच होता असे वाटावे. त्यामुळे १९४६ किंवा १९४७ सालचे एखादे जपानी मासिक आज हातात घेतले तर त्यात काय नाही हे त्या पानांवरून कळत नाही.

ते कळते ते एका वेगळ्याच ठिकाणी. सेन्सॉर विभागाकडे जमा झालेली पुस्तके, नियतकालिके, वृत्तपत्रे आणि तपासनिसांच्या खुणा असलेली मुद्रिते हा विभाग बंद झाल्यावर नष्ट होण्याची शक्यता होती. अमेरिकी सैन्याच्या इतिहास-विभागात काम करणारे मेरीलंड विद्यापीठाचे इतिहासाचे प्राध्यापक गॉर्डन प्रँगे यांनी ती आपल्या विद्यापीठात नेण्याची व्यवस्था केली. आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहात सुमारे ७१,००० पुस्तके व पुस्तिका, १३,८०० मासिके आणि १८,००० वृत्तपत्रांची शीर्षके आहेत. पुढे जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या सहकार्याने त्यांचे सूक्ष्मपट तयार झाले. कागदाच्या टंचाईच्या त्या काळातील पुष्कळशी लहान नियतकालिके अन्यत्र टिकली नाहीत. ज्या यंत्रणेने मजकूर गाळला तिच्याच कचेरीने त्या काळाचे सर्वांत समृद्ध ग्रंथालय मागे ठेवले, ही यातील विसंगती लक्षणीय आहे.

हिरोशिमाच्या कवयित्री कुरिहारा सादाको यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचा 'कुरोई तामागो' हा कवितासंग्रह १९४६ साली काटछाट होऊन निघाला. सेन्सॉरला सादर केलेली त्याची मुद्रिते पुढे प्रँगे संग्रहात मिळाली आणि १९८३ साली संपूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. मध्ये सदतीस वर्षे गेली. त्या सदतीस वर्षांत कोणत्याही अभ्यासकाने १९४६ ची आवृत्ती ग्रंथालयातून घेऊन प्रामाणिकपणे लिहिलेला निबंध चुकीचाच ठरला असता, आणि त्यात त्याचा दोष नसता. ओता योको यांची 'शिकाबाने नो माची' ही हिरोशिमाच्या विनाशावरील कृती १९४५ च्या शरद ऋतूत लिहिली गेली; १९४८ मध्ये ती काही भाग वगळून छापली गेली, आणि पूर्ण स्वरूपात आली ती १९५० मध्ये. नागाई ताकाशी यांच्या 'नागासाकी नो काने' या पुस्तकाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे मजकूर गाळण्याऐवजी जोडण्यात आला. १९४९ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा मनिला शहरात जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचा वृत्तान्त त्याला जोडलेला होता. ही अट मान्य झाल्यावरच पुस्तक बाहेर पडू शकले.

अर्थात या उदाहरणांवरून सरसकट निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. समीक्षक एतो जुन यांनी सेन्सॉरच्या कागदपत्रांचा वॉशिंग्टन येथे अभ्यास करून १९८९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात युद्धोत्तर जपानी भाषेचा सारा अवकाशच बंदिस्त झाला होता, अशी भूमिका घेतली आहे. ती अतिव्याप्त आहे. कुरिहारा यांचीच, तळघरात जन्मणाऱ्या बाळाविषयीची प्रसिद्ध कविता मार्च १९४६ मध्ये हिरोशिमातील 'चुगोकू बुंका' या मासिकाच्या अणुबॉम्ब विशेषांकात छापली गेली होती. साकागुचि आंगो यांचा अधःपतनावरील निबंध एप्रिल १९४६ मध्ये, दाझाइ ओसामु यांची 'शायो' १९४७ मध्ये आली. जपानी लष्कराच्या रोषामुळे १९४३ साली थांबविली गेलेली तानिझाकि यांची 'सासामेयुकी' १९४६ ते १९४८ या वर्षांत पुस्तकरूपाने पूर्ण झाली. एकाच अंमलाने काही दारे उघडली व काही लावून घेतली. प्रश्न दारे किती लावली हा नाही. लावलेले दार भिंतीसारखे रंगविले गेले, हा आहे.

विद्यार्थिनीच्या निबंधात सेन्सॉरवर दीड पृष्ठ होते. डॉवर यांच्या ग्रंथावरून तिने ही माहिती अचूक दिली होती. परंतु पुढच्याच प्रकरणात तिने इंग्रजी अनुवादांवरून त्या काळच्या कथा-कवितांचे जे विवेचन केले त्यात, आपण वाचतो आहोत तो पाठ १९४६ चा की १९८३ चा, १९४८ चा की १९५० चा, हा प्रश्न एकदाही आला नाही. सेन्सॉर हा तिच्यासाठी एका प्रकरणाचा विषय होता. तो तिच्या साधनांचा गुणधर्म आहे हे तिच्या लक्षात आले नाही. संदर्भ देताना प्रकाशनवर्ष द्यावे असे मी शिकविले होते. ते वर्ष कशाचे आहे हे विचारावयास शिकविले नव्हते.

४

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात एक परिच्छेद होता. विद्यार्थिनीचे घराणे सातारा जिल्ह्यातले. तिच्या आजीचे वडील मराठा पलटणीत शिपाई होते आणि लढाई संपल्यावर त्यांची पलटण जपानात गेली होती. घरात एक लाखकाम केलेली डबी होती, तिला सर्वजण 'जपानची डबी' म्हणत. ते सांगत असत की हिवाळ्यात लंगराच्या कुंपणाबाहेर मुले येऊन उभी राहात. त्यांच्याशी बोलावयाचे नाही असा हुकूम होता. तरी शिपाई उरलेल्या रोट्या कुंपणावर ठेवून पाठ फिरवीत. आजीने हे नातीला सांगितले होते व नातीने ते आठ-दहा ओळींत लिहिले होते. मी त्या परिच्छेदावर पेन्सिलीने उभी रेघ ओढली आणि समासात लिहिले : ग्रंथालयीन आधार नाही, वगळावे. अंतिम प्रतीत तो परिच्छेद नव्हता. आधीचे व नंतरचे वाक्य तिने इतके व्यवस्थित जुळविले होते की मधून काही गेले आहे असे कोणालाही वाटले नसते.

ग्रंथालयीन आधार नाही हे माझे विधान खरे नव्हते. राष्ट्रकुलाच्या ताबासैन्यात एक ब्रिटिश-भारतीय विभाग होता. १९४६ च्या वसंतापासून तो ओकायामा, शिमाने, तोत्तोरी या पश्चिम जपानातील भागांत तैनात होता आणि १९४७ मध्ये भारतीय तुकड्या परतल्या. त्यातील २६८ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. भारतीय सेनादलांच्या दुसऱ्या महायुद्धातील अधिकृत इतिहासमालेत जपान व आग्नेय आशियातील युद्धोत्तर ताबासैन्यांवर राजेंद्र सिंह यांनी लिहिलेला स्वतंत्र खंड आहे. तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. आमच्याच ग्रंथालयात तो होता, परंतु ९५२ खाली नव्हता, ८९५.६ खाली तर नव्हताच. लष्करी इतिहासाच्या फळीवर तो होता आणि साहित्याचा विद्यार्थी किंवा अध्यापक त्या फळीकडे जात नाही. हा खंड मला पुढे वेगळ्याच कामासाठी चाळताना मिळाला. तोवर निबंधाचे गुण जाहीर होऊन दोन वर्षे झाली होती.

या खंडामुळे पलटणीच्या वास्तव्याला आधार मिळतो. रोट्यांना मिळत नाही. तथापि ताबासैन्यातील सैनिकांनी जपानी नागरिकांत मिसळू नये असे धोरण होते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. आता सेन्सॉरच्या वर्गवारीकडे पुन्हा पाहावे. उपासमारीचे वर्णन आणि परकीय सैनिकांचे स्थानिकांशी संबंध, हे दोन्ही विषय गाळावयाच्या यादीत होते. शिमाने किंवा तोत्तोरीतील एखाद्या कवीने १९४६ च्या हिवाळ्यात कुंपणावरच्या रोटीवर कविता लिहिली असती तर ती छापली जाण्याचा संभव फार कमी होता. म्हणजे ज्या अनुभवाची नोंद जपानी छापील पृष्ठावर होणे कठीण होते त्या अनुभवाचा एक धागा साताऱ्यातील एका घरात, मराठीत, टिकून राहिला होता. तो दिल्लीतील एका चर्चासत्र-निबंधापर्यंत पोहोचला, आणि तेथे मी तो कापला. कापल्याची खूणही राहू दिली नाही.

कौटुंबिक आठवण ही पुरावा म्हणून तपासून घ्यावी लागते, हे मी आजही मानतो. तिसऱ्या पिढीत पोहोचलेल्या कथेत उदारपणा वाढत जातो, हुकूमशाही व भीती कमी होत जाते. सांगणारा आपल्या माणसाला चांगल्या प्रकाशात ठेवतो. शिवाय ज्या देशाच्या पाठबळावर आझाद हिंद सेना उभी राहिली होती त्याच देशावर इंग्रजांच्या वतीने पहारा करणाऱ्या भारतीय शिपायाची मनःस्थिती साधी असण्याचे कारण नाही, आणि त्या आठवणीत हा भाग अजिबात नव्हता. हे सारे विद्यार्थिनीला विचारता आले असते. आठवण कोणी, कोणाला, किती वर्षांनी सांगितली. तिच्यात काय आहे, काय नाही. ती कोणत्या छापील साधनाशी जुळते, कोणत्याशी जुळत नाही, असे प्रश्न मी समासात लिहावयास हवे होते. मी 'वगळावे' लिहिले.

५

या अनुभवाचा मराठी समीक्षेशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. 'युद्धोत्तर' ही संज्ञा आपल्याही समीक्षेत रुळलेली आहे. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ चा, गंगाधर गाडगीळांचे 'मानसचित्रे' १९४६ चे. नवकाव्य व नवकथा यांचा उगम सांगताना महायुद्ध, यंत्रयुग आणि मूल्यांची पडझड यांचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक वाङ्मयेतिहासात येतो. या उल्लेखामागील युद्धाचे चित्र बव्हंशी युरोपचे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेला स्फोट, शिधापत्रिका, बंगालचा दुष्काळ, फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांचा उठाव, या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात राहिल्या; काव्यसमीक्षेतील 'युद्धोत्तर' शब्दाला त्या क्वचितच चिकटल्या. त्याहून दूर राहिले ते बर्मा, इटली, उत्तर आफ्रिका आणि जपान येथे गेलेले मराठी शिपाई. पत्रे, पोवाडे, घरगुती आठवणी या रूपांत त्यांचे जे काही उरले असेल ते ग्रंथालयात साहित्य म्हणून आलेले नाही, म्हणून समीक्षेतही आलेले नाही.

कालखंडाची संज्ञा आणि कृतीचे वर्ष यांचा मेळ बसत नाही याचे एक लक्षणीय उदाहरण आपल्याकडेच आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची. युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू लोकांमध्ये ती घडते. म्हणजे युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या माणसांची मराठी कादंबरी युद्धोत्तर कालखंडापूर्वीच लिहून झालेली होती. तौलनिक अभ्यासाने अशी उदाहरणे अपवाद म्हणून बाजूला ठेवू नयेत. संज्ञेची मर्यादा दाखविणारी साधने म्हणून ती वापरावीत.

भारताचा आणखी एक दुवा राधाबिनोद पाल यांचा. तोक्यो खटल्यातील भारतीय न्यायाधीश म्हणून त्यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये दिलेले भिन्नमतपत्र न्यायालयात वाचले गेले नाही, आणि लष्करी अंमल असेपर्यंत ते जपानात प्रसिद्ध होऊ शकले नाही. १९५३ साली ते कलकत्त्याला छापून निघाले. विद्यार्थिनीने त्याचा उल्लेख एका वाक्यात केला होता. जपानच्या युद्धोत्तर काळातील एक महत्त्वाचा दस्तऐवज कलकत्त्यात छापला जातो, याचा अर्थ तो काळ समजून घेण्यासाठी लागणारे ग्रंथालय कोणत्याही एका देशात नाही. पाल यांच्या मताचा नंतर जपानी युद्धखोरीच्या समर्थनासाठी जो वापर झाला तोही या दस्तऐवजाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि त्याची नोंद केल्याशिवाय या उल्लेखाला अर्थ राहात नाही.

६

यातून अध्यापनापुरते काही साधे निष्कर्ष निघतात. पहिला असा की विद्यार्थ्याने प्रत्येक साधनाविषयी केवळ प्रकाशनवर्ष न देता पाठाचे वर्ष, मजकूर कोणत्या तपासणीतून गेला आणि नंतर त्यात काय परत आले, हे जेथे माहीत असेल तेथे नोंदवावे. दुसरा असा की संदर्भसूचीबरोबर शोधाचा अहवाल असावा : कोणत्या फळ्या पाहिल्या, कोणता अंक मिळाला नाही, कोणत्या भाषेमुळे कोठे थांबावे लागले. मिळालेल्या साधनांची यादी वाचकाला विद्यार्थ्याचे श्रम सांगते. न मिळालेल्यांची यादी त्याला विषयाचा आकार सांगते. तिसरा निष्कर्ष मार्गदर्शकासाठी आहे. खर्ड्यातील मजकूर वगळावयास सांगताना त्याचे कारण आणि जागा अंतिम प्रतीत टिपेच्या रूपाने राहू द्यावी. आधार मिळाला नाही म्हणून एवढा भाग येथे दिलेला नाही, एवढे एक वाक्यही पुरे. पुढचा वाचक त्या वाक्यापासून शोध सुरू करू शकतो. जुळवून घेतलेल्या गुळगुळीत परिच्छेदापासून त्याला काहीच सुरू करता येत नाही.

या सूचनांवर एक आक्षेप संभवतो. पंचवीस पृष्ठांच्या निबंधात एवढ्या नोंदी केल्या तर विवेचनाला जागा किती उरेल? थोडी कमी उरेल हे मान्य केले पाहिजे. परंतु आज जे विवेचन त्या जागेत होते त्यातील बराच भाग दुय्यम ग्रंथांतील निष्कर्षांचे पुनर्लेखन असते. स्वतःच्या शोधाचा वृत्तान्त हा विद्यार्थ्याच्या निबंधातील एकमेव असा भाग आहे जो दुसऱ्या कोणाच्याही ग्रंथातून घेता येत नाही.

त्या विद्यार्थिनीने आपला पहिला खर्डा जपून ठेवला होता. मी मागितल्यावर तिने चौदाव्या पृष्ठाची प्रत पाठविली. माझी पेन्सिलीची रेघ आणि समासातील शेरा तीवर स्पष्ट दिसतो. विभागाच्या कपाटातील तिच्या निबंधाला मी ते पृष्ठ आणि १९५८ च्या खंडाचा ग्रंथालयातील क्रमांक जोडून ठेवला आहे. आजी आता हयात नाहीत. डबी अद्याप घरी आहे असे ती लिहिते.